पिसवा, प्लेग आणि एक दलदल

आमच्या आजीला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. विचारलं की म्हणायची, "प्लेगात आईनं मला झोळीत घालून माळावर नेलं, तेव्हाची मी." घरात उंदीर पडला की गाव रिकामं व्हायचं आणि लोक रानात झोपड्या घालून राहायचे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेलं असेल. त्या गोष्टीचं एक टोक इथे, केंब्रिजशायरच्या दलदलीत सापडेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चार कुटुंबं वुडवॉल्टन फेन बघायला गेलो होतो. पीटरबरोच्या दक्षिणेला आहे. बोरू, पाण्याचे चर, झाडी आणि मधोमध खांबांवर उभा असलेला एक बंगला. हा बंगला १९११ साली चार्ल्स रॉथशील्ड यांनी बांधला. होय, त्याच बँकवाल्या घराण्यातले. दिवसभर लंडनला पेढीवर काम करायचं आणि सुट्टी मिळाली की किडे गोळा करायचे, असा हा गृहस्थ. त्यातही पिसवांचा नाद. जगभरातून जमवलेल्या त्यांच्या पिसवांची संख्या दोन लाख साठ हजारांच्या घरात जाते. तो संग्रह आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे असा मुलगा निघाला असता तर वडिलांनी काय केलं असतं, ते सांगायला नको.

१९०१ साली ते सुदानमध्ये शेंडी या गावी गेले असताना त्यांना उंदरावरची एक पिसू मिळाली. १९०३ मध्ये त्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि इजिप्तच्या केओप्स राजावरून तिला 'केओपिस' नाव दिलं. तेव्हा मुंबईत प्लेग सुरू होऊन सात वर्षं झाली होती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि जूनमध्ये चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सोजिरांनी घरात शिरून सामान बाहेर फेकलं, भिंती धुतल्या, माणसं छावणीत नेली. पण रोग नेमका कशातून येतो हे सरकारलाही कळलेलं नव्हतं. पिसूवर संशय घेणारा फ्रेंच डॉक्टर सिमाँ १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करत होता, त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत (आजचं हाफकिन इन्स्टिट्यूट) प्लेग कमिशनने गिनीपिगांचे पिंजरे मांडून पाहिले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातले मेले. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचावर टांगलेले वाचले. आणि मुंबईच्या उंदरांवर सापडत होती ती मुख्यतः हीच केओपिस. आजीच्या गावाला माळावर पाठवणारी हीच.

आता पिसवांचा दलदलीशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मला तो असा दिसतो. पिसू एखाद्या ठरावीक प्राण्यावर जगते, तो प्राणी ठरावीक जागी. तेव्हाच्या निसर्गप्रेमींची तक्रार असे ती अंडी चोरणाऱ्या आणि फुलपाखरं पकडणाऱ्या हौशी लोकांबद्दल. रॉथशील्ड म्हणत, एकेक पक्षी वाचवून भागणार नाही, त्याची जागाच राखली पाहिजे. आणि फेनची जागा तर डोळ्यांदेखत संपत होती. जवळचंच व्हिट्लसी मीअर नावाचं मोठं सरोवर १८५१ मध्ये पंप लावून उपसलं गेलं आणि तिथे नांगर फिरला. १९१० मध्ये त्यांनी वुडवॉल्टनची दलदल स्वतःच्या पैशाने विकत घेतली. १६ मे १९१२ रोजी निसर्गराखीव जागांसाठी संस्था काढली. त्या संस्थेने देशभरातल्या २८४ जागांची यादी करून सरकारला दिली. फार्न बेटं, नॉरफक ब्रॉड्स, वेल्समधली ट्रेगारॉनची दलदल, आयर्लंडमधलं लॉख ने अशा सगळ्या त्यात होत्या. तेव्हा महायुद्ध चालू होतं. सरकारला धान्य पिकवायला जमीन हवी होती. यादी पडून राहिली. १९१९ मध्ये रॉथशील्डांनी वुडवॉल्टन संस्थेला देऊन टाकलं. मेंदूच्या आजाराने खचून १९२३ मध्ये, ४६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. निसर्गरक्षणाचा कायदा या देशात आला १९४९ मध्ये. तोवर यादीतल्या कित्येक जागा नाहीशा झाल्या होत्या.

दरम्यान नॉरिचचे डॉ. सिडनी लाँग यांनी १९२६ मध्ये बारा मित्र जमवून क्ले गावची पाणथळ जमीन पक्ष्यांसाठी घेतली. परगण्यापुरता ट्रस्ट काढायची पद्धत तिथून पडली. आज असे चाळीसहून अधिक वाइल्डलाइफ ट्रस्ट आहेत, आणि रॉथशील्डांची संस्था त्या सर्वांची मध्यवर्ती संस्था झाली आहे.

आपल्याकडच्या देवराया मला इथे आठवल्या. तिथे देवाचा धाक होता, इथे खरेदीखत आहे. पण खरेदीखतालाही मर्यादा असते, हे वुडवॉल्टनलाच कळतं. भोवतालच्या शेतांतून पाणी काढलं, तशी तिथली काळी पीटची माती सुकून खाली बसली. शेजारच्या होम फेनमध्ये १८५१ साली जमिनीत पुरलेला लोखंडी खांब आहे. त्याचं टोक तेव्हा जमिनीबरोबर होतं, आज ते सुमारे चार मीटर वर आहे! आमच्यातला सर्वांत उंच मुलगा हात वर करून उभा राहिला, तरी टोक लांबच. म्हणजे राखलेली दलदल उंचावर राहिली आणि शेतं खाली गेली. पाणी आपोआप बाहेर पळणार. बांध घालून ते अडवावं लागतं. म्हणून २००१ मध्ये स्थानिक ट्रस्टने इतरांना बरोबर घेऊन 'ग्रेट फेन' योजना हाती घेतली. वुडवॉल्टन आणि होम फेन यांच्यामधली शेतजमीन हळूहळू विकत घेऊन पुन्हा ओली करायची, एकूण ३,७०० हेक्टर. काम अजून चालू आहे. होम फेनमध्ये बर्चचं मोठं जंगल आहे, बोरूवरून मार्श हॅरियर घिरट्या घालताना दिसतात.

जाणार असाल तर गमबूट न्या. वुडवॉल्टनला चहाची टपरी वगैरे काही नाही, तेव्हा थर्मास आणि दशम्या बरोबर हव्यात. डासांचं औषधही न्या. आम्ही विसरलो होतो.