मेहता, एम. सी.
(१९४६– ). भारतीय पर्यावरण-वकील. जन्म जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात. गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध त्यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून होता; अंमल मात्र नावापुरता. २२ सप्टेंबर १९८७ रोजी न्यायालयाने कानपूरच्या जाजमऊ भागातील, सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रियाही न करणारे चामड्याचे कारखाने बंद करवले. बेकारी आणि महसुलापेक्षा लोकांचे जीवन व आरोग्य मोठे, ही त्यामागची भूमिका. १९८८ मध्ये कानपूर महापालिकेलाही जबाबदार धरण्यात आले. मेहता नदीकाठचे जमीनमालक नव्हते, तरी त्यांचा दावा ग्राह्य ठरला. याचे मोल कारखान्यांना लागलेल्या टाळ्यांहून अधिक मानावे लागेल. त्यांच्याच नावे चाललेल्या बियास नदीच्या खटल्यात (१९९६) नदी ही सरकारकडे जनतेची ठेव होय, हे तत्त्व न्यायालयाने स्वीकारले. मॅगसेसे पुरस्कार (१९९७), पद्मश्री (२०१६).