सोनं लावावं की सोनं रंगवावं?

पितळेचा तांब्या चिंच लावून लख्ख घासावा, खिडकीत ठेवावा आणि त्यात पिवळा रंग नेमका किती आहे ते शोधायला बसावं. मी हे अनेकदा केलं आहे. पिवळा सापडतो, पण थोडाच. पोटाच्या वळणावर गडद तपकिरी, जवळजवळ काळा पट्टा असतो. त्याला खेटून खिडकीच्या आकाराचा पांढराशुभ्र डाग. खाली ओट्याच्या दगडाची काळोखी, गळ्याशी हिरवट झाक, आणि समोर लाल साडी नेसून कोणी उभं राहिलं की एक लाल रेघ. धातू स्वतःचं थोडं दाखवतो आणि भोवतालचं पुष्कळ परत करतो.

हा तांब्या मला एका फार छोट्या माणसासाठी बघावा लागला. 28 मिलिमीटर उंचीचा, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा एक योद्धा: हातात तलवार, अंगावर चिलखत, डोक्यावर सोनेरी पट्टीचं शिरस्त्राण. अशी मिनिएचर रंगवणाऱ्या प्रत्येकापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच. तलवारीला धातूचा चमकता रंग द्यायचा, की अजिबात न चमकणाऱ्या काळ्या-करड्या-पांढऱ्या रंगांतून धातूचा भास उभा करायचा? पहिल्या पद्धतीला या छंदातले लोक 'ट्रू मेटॅलिक मेटल' म्हणतात, दुसरीला 'नॉन-मेटॅलिक मेटल'. बोलताना नुसतं टीएमएम आणि एनएमएम. मोबाइल आल्यावर घरच्या फोनला जसं 'लँडलाइन' म्हणावं लागलं, तसंच इथेही झालं. चमकता रंग लावणं इतकं स्वाभाविक होतं की त्याला वेगळं नाव नव्हतं. दुसरी पद्धत नावारूपाला आली तेव्हा पहिलीला 'ट्रू', म्हणजे खरी, म्हणावं लागलं.

हा वाद गेल्या 25-30 वर्षांतला आहे असं हा छंद करणाऱ्या बहुतेकांना वाटतं. त्याचं कूळ शोधत गेलं की आपण थेट 1435 सालच्या फ्लॉरेन्सला पोहोचतो.

तेव्हाच्या इटलीत वेदीवरची चित्रं लाकडी फळीवर रंगवत आणि त्यांत खरं सोनं असे. फळीवर चुनखडीसारखा पांढरा थर, त्यावर लाल मातीचा हात, त्यावर सोन्याचा वर्ख, आणि मग ओप. चेन्निनो चेन्निनीने 1400 च्या सुमारास लिहिलेल्या कारागिरीच्या पुस्तकात ओप देण्यासाठी गुळगुळीत दगड आणि कुत्र्या-लांडग्यासारख्या मांसाहारी जनावरांचे दात सांगितले आहेत. जेंतिले दा फाब्रियानोने पाल्ला स्त्रोत्सी या धनाढ्य सावकारासाठी 1423 मध्ये तीन राजांच्या दर्शनाचं चित्र केलं. त्यातले मुकुट नुसते सोनेरी नाहीत. खालचा थर उचलून, त्यांना उठाव देऊन वर सोनं चढवलेलं आहे. चित्रातलं सोनं बोटाला लागेल असं.

बारा वर्षांनी लेओन बात्तिस्ता अल्बर्टी या विद्वानाने लॅटिनमध्ये 'दे पिक्तुरा' हा चित्रकलेवरचा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या सोन्याला स्पष्ट विरोध केला. त्याचं म्हणणं असं की व्हर्जिलच्या काव्यातली राणी दिदो रंगवायची असली, तिचा भाता सोन्याचा आणि केस सोन्यात बांधलेले असले, तरी चित्रकाराने सोनं न लावता ती झळाळी साध्या रंगांतून आणावी. कौतुक त्यात आहे. आणि त्याने दिलेलं कारण फार नेमकं आहे. सपाट फळीवर सोनं लावलं की जो भाग उजळ दिसायला हवा तो कधी काळवंडतो आणि जिथे सावली हवी तिथे चकाकतं. प्रकाश कुठे पडावा हे चित्रकाराच्या हातात राहत नाही, खोलीतल्या खिडकीच्या हातात जातं.

आज एनएमएमची बाजू घेणारा कुठलाही रंगवणारा हेच सांगतो. अल्बर्टीचं नाव त्याने ऐकलेलं नसतं, पण मुद्दा शब्दाला शब्द तोच असतो.

अल्बर्टी लिहीत होता त्याच सुमारास, आल्प्सच्या पलीकडे यान व्हान आइक हे करूनही दाखवत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं 1434 सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे. दोघांच्या डोक्यावर पितळी झुंबर टांगलेलं आहे. त्यात पितळ नाही, सोनं नाही, फक्त तेलरंग. फांद्यांची एक कड तपकिरी, दुसरी पिवळट, आणि वळणावळणावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके. ते ठिपके जरा इकडेतिकडे पडले असते तर झुंबर लाकडाचं झालं असतं. मला विचाराल तर जगातली सर्वांत चांगली एनएमएमची शिकवणी अजूनही त्या झुंबरातच आहे.

फळीवरची ही विद्या मूर्तीवर कशी उतरली? इथे जर्मनीतलं न्युरेम्बर्ग मधे येतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे कथलाचे चपटे शिपाई ओतले जाऊ लागले. पाटीच्या दगडात कोरलेला साचा, त्यात ओतलेली पत्र्यासारखी पातळ आकृती. 1848 मध्ये हाइनरिक्सन या न्युरेम्बर्गच्याच कारखान्याने पायदळाच्या शिपायासाठी साधारण 30 मिलिमीटरचं माप ठरवलं आणि ते रूढ झालं. हे चपटे शिपाई म्हणजे अर्धी मूर्ती आणि अर्धं चित्र. उठाव जेमतेम, म्हणून अंगावरचा छायाप्रकाश रंगवूनच आणावा लागतो. मन लावून रंगवणारे ते तेलरंगांत रंगवत आले, आणि फळीवरच्या चित्रात चिलखत जसं करड्या-पांढऱ्यातून येतं तसंच इथेही आणत आले. कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात या शिपायांचं मोठं संग्रहालय आहे.

न्युरेम्बर्गचं नाव या कथेच्या दुसऱ्या शाखेतही आहे, आणि तो भाग मला सर्वांत आवडतो. खरं सोनं परवडत नाही अशांसाठी तिथे आणि शेजारच्या फ्युर्थमध्ये पितळेची पूड बनत असे. पितळ ठोकून वर्खासारखं पातळ करायचं, मग ते चिकट द्रवात घोटून पूड करायची, सगळं हातानं. हेन्री बेसेमर हा इंग्रज तरुण 1840 च्या सुमारास ही पूड आणायला दुकानात गेला. बहिणीने फुलांची चित्रं काढली होती, त्यांच्या वहीवर सोनेरी अक्षरं काढायची होती. दुकानदाराने औंसाला 7 शिलिंग मागितले. पितळ इतकं स्वस्त आणि पूड इतकी महाग, हे बेसेमरच्या डोक्यात बसलं. त्याने यंत्रानं पूड करून बघितली. ती निस्तेज निघाली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पुडी ठेवल्यावर उलगडा झाला: जर्मन पुडीचे कण चपटे, पापडीसारखे होते, त्याचे गोळीसारखे. चपटी पापडी रंगात आडवी निजते आणि आरशासारखा प्रकाश परतवते. गोळी तो चहूकडे उधळते.

मग त्याने पापड्या करणारी यंत्रं आखली, गुपित फुटू नये म्हणून सुटे भाग वेगवेगळ्या शहरांतून घडवून घेतले, आणि कारखान्यात कामाला बायकोचे तीन भाऊ ठेवले. ते गुपित कित्येक दशकं टिकलं. 1856 मध्ये जगाला पोलाद स्वस्त करून देणारी जी बेसेमर पद्धत आली, तिच्या प्रयोगांमागचा पैसा या सोनेरी पुडीचा होता.

आज आपल्या टेबलावर जी चमकत्या रंगाची बाटली असते तिच्यात अजूनही पापडीच असते. चंदेरीसाठी ॲल्युमिनियमची, सोनेरीसाठी टायटेनियम आणि लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या अभ्रकाची. पितळेची पूड कालांतरानं काळवंडते, जुन्या तसबिरींच्या चौकटींवर ते दिसतं; अभ्रक तसं काळवंडत नाही. ब्रश धुतलेल्या पाण्यात नीट बघा, पापड्या तरंगताना दिसतील. म्हणूनच चमकत्या रंगांसाठी पाण्याचा पेला वेगळा ठेवायचा. नाहीतर पुढे रंगवलेल्या चेहऱ्याच्या गालावरही चांदी चमकते.

1970-80 च्या दशकांत ब्रिटनमध्ये युद्धखेळांच्या मूर्तींचा धंदा वाढला. सिटाडेल कंपनीच्या 'बोल्टगन मेटल', 'मिथ्रिल सिल्व्हर' या बाटल्यांनी एका पिढीच्या तलवारी रंगल्या: चंदेरी लावा, वर पातळ काळा ओघळू द्या, कडांना पुन्हा चंदेरी. 1987 पासून 'गोल्डन डीमन' ही मूर्ती रंगवण्याची स्पर्धा सुरू झाली आणि हात सुधारत गेले. 1997 साली स्थापन झालेल्या राकहाम या फ्रेंच कंपनीच्या मूर्ती ज्या शैलीत रंगवून दाखवल्या जात, तिने एनएमएम घरोघरी नेलं. आणखी एक ओढा जपानकडून आला. हाजिमे सोरायामाची एअरब्रशची यंत्रमानवी चित्रं 1983 च्या पुस्तकामुळे गाजली. वर आकाशाचा निळा, मधे क्षितिजाची काळी रेघ, खाली जमिनीचा तपकिरी: क्रोमची ही मांडणी आज अनेक जण अर्ध्या सेंटिमीटरच्या ढालीवर उतरवतात.

तलवारीवर हे प्रत्यक्ष कसं घडतं ते सांगतो. पात्याच्या मधल्या कण्याने दोन बाजू होतात. एका बाजूला टोक उजळ आणि मूठ काळोखी, तर दुसऱ्या बाजूला नेमकं उलट. शेवटी धारेवर पांढऱ्याची एक सलग रेघ, श्वास रोखून. सोनं असेल तर गडद तपकिरीतून गेरू, पिवळा, हस्तिदंती. निव्वळ पिवळा फार थोडा, तांब्यात होता तेवढाच. काळ्यातून पांढऱ्यात उडी जितकी झटक्यात, तितका धातू घासलेला दिसतो. तीच उडी हळूहळू घेतली की धातू जुना, मळका दिसतो. हे एवढं कळलं तर अर्धं काम झालं.

आता निवड. अल्बर्टी फळीबद्दल बोलत होता. एका ठिकाणी उभ्या माणसाला चित्र कसं दिसेल याचं गणित, म्हणजे एकबिंदू यथार्थदर्शन, त्याच ग्रंथात त्याने मांडलं. मूर्तीभोवती मात्र माणूस फिरतो. एनएमएमची तलवार समोरून तळपते, पण मूर्ती हातात घेऊन फिरवली की पांढरी रेघ जागची हलत नाही आणि डोळ्याला ते लगेच खटकतं. छायाचित्रात तेच उलटं होतं. तिथे डोळा एकाच जागी बांधलेला असतो, रंगवलेला धातू जिवंत दिसतो आणि चमकत्या पापड्या मात्र वाळूसारख्या फुटकळ दिसू लागतात. म्हणून दोहोंतलं एक श्रेष्ठ आणि दुसरं कनिष्ठ, हे म्हणणं मला पटत नाही. फाब्रियानोचं सोनं मेणबत्तीच्या हलत्या उजेडासाठी होतं. आपल्याकडे आरतीच्या वेळी निरांजन फिरतं तसा देवाच्या मुकुटावरचा उजेडही फिरतो. तिथे रंगवलेली चकाकी लावून भागणार नाही.

आपल्या चित्रकलेनेही हा प्रश्न अनुभवला आहे. तंजावरला मराठा राजांच्या आश्रयाने वाढलेल्या शैलीत दागिने उठावाचे, वर सोन्याचा वर्ख. राजा रविवर्मा लहानपणी तंजावर पद्धतीचं काम करणाऱ्या मामांजवळ शिकला, आणि पुढे त्याने जरीचा काठ आणि नथ निव्वळ तेलरंगांत रंगवली. 1894 मध्ये मुंबईत त्याचा छापखाना निघाला, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या. आणि अनेक घरांत लोकांनी त्या छापील चित्रांवर खरी जर आणि टिकल्या चिकटवल्या. त्यांना देवीच्या अंगावर हलणारी चमक हवी होती. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. 'बेगडी' हा शब्द आपण खोट्यासाठी वापरतो, पण ज्या बेगडीवरून तो आला ती तर धातूचीच असते; प्रकाश ती खराच परतवते.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. काचेच्या पेटीत एका बाजूने बघायची किंवा फोटोतच राहायची मूर्ती असेल तर रंगांतून धातू काढा. हातात घेऊन खेळायची, मित्रांनी उचलून बघायची असेल तर चमकता रंग लावा, पण सावलीच्या जागी त्यावर चकाकी घालवणारे काळे-तपकिरी पातळ हात द्या, म्हणजे अल्बर्टीची तक्रारही बरीचशी मिटते. एकाच मूर्तीवर तलवार एका पद्धतीची आणि ढाल दुसऱ्या पद्धतीची करू नका. दोन्ही खोट्या दिसतात. आणि नवशिके असाल तर चंदेरी बाटली उघडण्याआधी एक तलवार, एकच, काळ्या-पांढऱ्यात रंगवून बघा. त्याआधी घरातला तांब्या घासून खिडकीत ठेवा आणि पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसा.