विद्युत वाहनाच्या बॅटरी पॅकचा आराखडा

विद्युत वाहनाचा बॅटरी पॅक म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे अनेक विद्युतघट, त्यांना जोडणारे वाहक, तापमान-नियंत्रणाची सोय, इलेक्ट्रॉनिक देखरेख करणारी यंत्रणा आणि संरक्षक पेटी यांनी मिळून बनलेला ऊर्जासंचय होय. वाहनाचा पल्ला, वेग, वजन, किंमत आणि सुरक्षितता या पाचही गोष्टी मोठ्या प्रमाणात या संचावर अवलंबून असतात. त्यामुळे त्याचा आराखडा करताना विद्युत, रसायन, उष्णता आणि यंत्ररचना या चारही शाखांचा एकत्र विचार करावा लागतो.

पार्श्वभूमी

लिथियम-आयन घटाचे व्यापारी उत्पादन सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये सुरू केले. या घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज दुचाकींत व बसगाड्यांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे लिथियम लोह फॉस्फेट हे धनाग्राचे द्रव्य गुडइनफ, ए. के. पाढी व के. एस. नंजुंडस्वामी यांच्या १९९७ मधील शोधनिबंधामुळे पुढे आले.

आधुनिक विद्युत मोटारींच्या आरंभकाळातच आराखड्याच्या दोन भिन्न पद्धती दिसून आल्या. टेस्ला रोडस्टर (२००८) या मोटारीत ६,८३१ लहान दंडगोल घट होते व ते द्रवाने थंड ठेवले जात. निस्सान लीफ (२०१०) या मोटारीत अवघे १९२ मोठे, चपटे घट होते आणि द्रवशीतन नव्हते.

घटांचे प्रकार

आकारानुसार घटांचे तीन प्रकार पडतात.

दंडगोल घट: १८६५० या क्रमांकाचा घट १८ मिमी व्यासाचा व ६५ मिमी लांबीचा असतो; २१७०० हा २१ मिमी व्यासाचा व ७० मिमी लांबीचा. धातूचे कवच मजबूत असते, परंतु गोल आकारामुळे घटांमध्ये मोकळी जागा राहते.

चौकोनी घट: ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद केलेला हा घट जागेचा चांगला उपयोग करतो व जोडण्यांची संख्या कमी ठेवतो.

पाऊच घट: लवचिक आवरणातील हा घट हलका असतो, मात्र वापरात तो फुगत असल्याने त्याला बाहेरून समान दाबाचा आधार द्यावा लागतो.

रासायनिक घडणीनुसार दोन प्रकार प्रमुख आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्ट घटाचा सरासरी दाब सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट व पूर्ण चार्ज असताना सामान्यतः ४.२ व्होल्ट असतो. लिथियम लोह फॉस्फेट घटासाठी हेच आकडे ३.२ व ३.६५ व्होल्ट आहेत. पहिल्या प्रकारात तेवढ्याच वजनात अधिक ऊर्जा मावते. दुसरा उष्णतेला अधिक टिकाऊ, दीर्घायुषी व स्वस्त असतो.

जोडणीचे गणित

घट एकसर जोडले असता त्यांच्या दाबांची बेरीज होते. समांतर जोडले असता अँपिअर-तासांत मोजली जाणारी क्षमता वाढते. व्यवहारात ‘१६ एस १२ पी’ असे लिहिले जाते, तेव्हा समांतर जोडलेल्या बारा-बारा घटांचे सोळा गट एकसर जोडले आहेत असा अर्थ होतो.

एका चार्जवर १०० किमी धावणाऱ्या स्कूटरचे उदाहरण घेऊ. दर किलोमीटरला ३० वॉट-तास ऊर्जा लागते असे धरल्यास ३,००० वॉट-तास हवेत. घटांचे आयुष्य वाढावे म्हणून संचाच्या ८५ टक्केच ऊर्जा वापरायची ठरविल्यास एकूण सुमारे ३,५३० वॉट-तासांचा संच लागेल.

दाब: लोह फॉस्फेटचे १६ घट एकसर जोडल्यास १६ × ३.२ = ५१.२ व्होल्ट मिळतात. पूर्ण चार्ज असताना हा दाब ५८.४ व्होल्ट होतो. ६० व्होल्टपेक्षा जास्त एकदिश दाबाला अधिक कडक सुरक्षा-नियम लागू होत असल्याने लहान वाहनांत ही मर्यादा सहसा पाळली जाते.

क्षमता: ३,५३० ÷ ५१.२ = सुमारे ६९ अँपिअर-तास. प्रत्येकी ६ अँपिअर-तासांचे १२ घट समांतर जोडल्यास ७२ अँपिअर-तास होतात. म्हणजे एकूण १९२ घट व ३,६८६ वॉट-तास.

प्रवाह: मोटर जास्तीत जास्त ५ किलोवॉट घेत असेल तर ५,००० ÷ ५१.२ = सुमारे ९८ अँपिअर; प्रत्येक घटाच्या वाट्याला सुमारे ८.१ अँपिअर येतात. घटाच्या क्षमतेशी याचे प्रमाण सुमारे १.३६ असल्याने यास १.३६ सी म्हणतात. घट निवडताना उत्पादकाने दिलेली सततच्या प्रवाहाची मर्यादा यापेक्षा पुरेशी मोठी असावी लागते. कारण संच रिकामा होत आला की दाब उतरतो व तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह वाढतो.

वजन: एका घटाचे वजन १४० ग्रॅम धरल्यास केवळ घटांचेच वजन सुमारे २७ किलो भरते. पेटी, वाहक व इलेक्ट्रॉनिक भाग यांचे वजन त्यावर वेगळे.

एकसर साखळीची क्षमता तिच्यातील सर्वांत दुबळ्या गटाएवढीच असते. म्हणून क्षमता व अंतर्गत रोध मोजून एकसारखे घट निवडणे ही जोडणीपूर्वीची आवश्यक पायरी आहे.

वाहक व जोडण्या

दंडगोल घट बहुधा निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडतात. मोठ्या घटांसाठी तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लेझर वेल्डिंगने बसवितात. घटाला थेट डाखणी करणे टाळतात, कारण त्या उष्णतेने आतील विभाजक पटलाला इजा पोहोचू शकते. सैल किंवा अपुऱ्या जोडणीचा रोध वाढून ती जागा तापते. समांतर गटातून प्रवाह बाहेर काढताना धन व ऋण टोके समोरासमोरच्या विरुद्ध कोपऱ्यांतून घेतल्यास सर्व घटांवर भार अधिक समान पडतो.

मुख्य वाटेवर फ्यूज व कॉन्टॅक्टर असतात. मोटर-नियंत्रकातील धारित्रे रिकामी असताना मुख्य कॉन्टॅक्टर एकदम मिटला तर क्षणिक प्रचंड प्रवाहाने त्याचे संपर्क-बिंदू चिकटू शकतात. म्हणून मोठ्या संचांत प्रथम एका रोधकातून धारित्रे हळूहळू भरून घेतात.

तापमान-नियंत्रण

घटात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वरील उदाहरणात प्रत्येक घटाचा अंतर्गत रोध १० मिलिओहम मानल्यास कमाल भाराला एका घटात ०.६६ वॉट व संपूर्ण संचात सुमारे १२७ वॉट उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाल्यास ही उष्णता चौपट होते.

लिथियम-आयन घटांना साधारणतः १५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. अधिक तापमानात ते लवकर जुने होतात; शून्य अंशाखाली चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून क्षमता घटते व अंतर्गत शॉर्ट सर्किटचा धोका उद्भवतो. केवळ हवेने थंड होणारा संच सभोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, हे विदर्भासारख्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात विशेष महत्त्वाचे ठरते. निस्सान लीफच्या आरंभीच्या मोटारींची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना या उष्ण राज्यातूनच आल्या होत्या.

बॅटरी व्यवस्थापन प्रणाली

ही प्रणाली बीएमएस या नावाने ओळखली जाते. प्रत्येक एकसर गटाचा दाब, संचाचा प्रवाह आणि निरनिराळ्या ठिकाणचे तापमान ती सतत मोजते. अतिचार्जिंग, अतिडिस्चार्ज, अतिप्रवाह, शॉर्ट सर्किट व अतितापमान यांपैकी काही घडल्यास ती प्रवाह तोडते. गटांचा चार्ज समान राखणे हेही तिचे काम. साध्या पद्धतीत अधिक भरलेल्या गटाची जादा ऊर्जा रोधकातून उष्णतेच्या रूपाने घालवितात.

शिल्लक चार्जचा अंदाज करणे हे तिचे अवघड काम आहे. लोह फॉस्फेट घटाचा दाब मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे केवळ दाबावरून अंदाज चुकतो. आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाची बेरीज ठेवून व संच अधूनमधून पूर्ण चार्ज करून हा हिशेब दुरुस्त करावा लागतो.

सुरक्षितता

घटातील उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने निर्माण होऊ लागली की रासायनिक क्रिया स्वतःच स्वतःला भडकवितात. यास थर्मल रनअवे म्हणतात. ऋणाग्रावरील संरक्षक थर सुमारे ८० ते १२० अंशांदरम्यान विघटित होऊ लागतो. पॉलिइथिलिनचे विभाजक पटल सुमारे १३० अंशांना वितळते आणि अंतर्गत शॉर्ट सर्किट होते. बाहेर पडणारे वायू ज्वलनशील व विषारी असतात. बीएमएस प्रवाह तोडू शकते, मात्र एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबवू शकत नाही. म्हणून एक घट पेटला तरी शेजारचा पेटू नये यासाठी घटांमध्ये अंतर ठेवणे, अभ्रक किंवा एरोजेलचे थर घालणे आणि वायूंना बाहेर जाण्यासाठी वाट ठेवणे हे आराखड्यातच करावे लागते.

या गोष्टींचे मोल २०२२ मध्ये भारतात प्रकर्षाने जाणवले. मार्च महिन्यात तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्ज होत असलेल्या स्कूटरला आग लागून वडील व मुलगी गुदमरून मरण पावले. त्याच वर्षी वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटाने सात वर्षांच्या मुलाचा बळी घेतला.

भारतातील मानके

दुचाकी व तीनचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारी, बस व मालवाहू वाहनांसाठी एआयएस-०३८ ही मानके लागू आहेत. वाहन-मानके तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. २०२२ मधील दुर्घटनांनंतर दोन्ही मानके कडक करण्यात आली. सुधारणांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून व दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एका घटातील आग इतरांत पसरते का, याची चाचणी त्यांत समाविष्ट आहे.

आयुष्य व पुनर्वापर

मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्के क्षमता उरली की संच वाहनाच्या दृष्टीने जुना मानण्याचा प्रघात आहे. असे संच सौर ऊर्जा साठविण्यासारख्या कमी ताणाच्या कामी वापरता येतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कायमच्या चिकटविलेल्या संचाची दुरुस्ती व विघटन कठीण जाते. त्यामुळे संच पुढे कसा उघडायचा हाही आराखड्याचाच भाग ठरतो.