मुरूम व इसब : त्वचेची दैनंदिन निगा

मुरूम आणि इसब हे त्वचेचे दोन सर्रास आढळणारे, वर्षानुवर्षे रेंगाळणारे विकार. दोन्ही स्पर्शाने पसरत नाहीत. इसब असलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसवणे हा निव्वळ अन्याय आहे. एका रात्रीत उतारा पडत नाही, पण दोन्ही आटोक्यात राहतात, आणि त्यात औषधाइतकाच वाटा रोजच्या निगेचा असतो. निगा शोधताना माणसे बहुधा एकाच ठिकाणी चुकतात : दोन्हींना ‘स्किनचा प्रॉब्लेम’ समजून एकाचा उपाय दुसऱ्यावर करतात. मुरूम हा छिद्रे तुंबण्याचा विकार आहे, तर इसब हा त्वचेची भिंत झिरपण्याचा. घरातल्या खोबरेलाच्या बाटलीवरूनही हा फरक कळतो. तेच तेल धाकट्याच्या कोपराच्या घडीतला कोरडा इसब मऊ करते आणि थोरलीच्या कपाळावर, केसांच्या कडेने, बारीक पुटकुळ्यांची रांग उठवते.

नावे व ओळख : मुरमांना तारुण्यपीटिका असेही म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्यांचे नाव मुखदूषिका असून त्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिली आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. कोवळ्या सावरीच्या खोडावरचे, बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार काटे ज्याने पाहिले आहेत, त्याला ही उपमा लगेच पटेल.

इसबाचे नाव मात्र बोलण्यात फार सैल वापरले जाते. खाज सुटणारा कोणताही चट्टा ‘इसब’ ठरतो. कडेने पसरणारा आणि मध्ये साफ होत जाणारा गोल चट्टा बहुधा नायटा किंवा गजकर्ण असतो, आणि तो बुरशीमुळे होतो. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांतली, घरातल्या दोघा-तिघांना एकदम लागलेली खाज ही बहुतेक वेळा खरूज असते. खरा इसब कोरडा, खरखरीत, कडा पुसट असलेला. भडकला की त्यातून लस येते, मग खपली धरते. खाजवून खाजवून तिथली त्वचा जाड आणि काळी पडते. तान्ह्या बाळात तो गालांवर दिसतो, मोठ्या मुलात कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत. सावळ्या त्वचेवर तो परदेशी पुस्तकांतल्या चित्रांसारखा लालभडक नसतो. जांभळट, राखी किंवा नुसताच काळपट दिसतो, आणि त्यामुळे उशिरा ओळखला जातो.

कारणे : केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे ती जास्त तेल सोडू लागते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो आणि सूज येते. नाकावरच्या काळ्या टोकांना लोक मळ समजतात. तो मळ नव्हे. उघड्या छिद्रातले मेलॅनिन आणि हवा लागून काळवंडलेले तेल आहे. म्हणूनच तोंड कितीही घासले तरी ती जात नाहीत, उलट घासण्याने सूज वाढते.

इसबात गोष्ट उलटी आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो : पेशी या विटा, सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा मधला गिलावा. अनेक रुग्णांत या भिंतीचे बांधकामच जन्मतः कच्चे असते. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि ॲटोपिक इसब यांचा संबंध २००६ मध्ये दाखवला गेला, तेव्हा या समजुतीला भक्कम आधार मिळाला. भिंत झिरपली की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी फुटते आणि खाज आणखी वाढते. पाण्याचा क्षार, घाम, लोकरीचे कपडे, परीक्षेचा ताण यांपैकी काहीही या चक्राला धक्का द्यायला पुरते.

स्वच्छता : निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू पाचाच्या आसपास. नेहमीच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात. साबणाच्या वेष्टनावर ‘टीएफएम ७६%’ असे छापलेले पाहून लोक तो सौम्य मानतात. प्रत्यक्षात भारतीय मानकांनुसार तो पहिल्या प्रतीच्या साबणाचा किमान निकष आहे. त्यातून मेदाचे प्रमाण कळते, क्षारता नाही. इसबात साबणाऐवजी सुगंधविरहित सिंडेट बार किंवा साबणमुक्त क्लेन्झर वापरावा, आणि तोही काखा, जांघा, पाय असा जिथे गरज आहे तिथेच. पाणी कोमट, आंघोळ पाच-दहा मिनिटांची. मुरमांसाठी दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर सौम्य फेसवॉशने तोंड धुतले की झाले. काथ्या, स्क्रब, खरखरीत डाळीचे पीठ दोन्ही विकारांत वर्ज्य. दिवाळीच्या पहाटे इसबाच्या मुलाला तेल लावून न्हाऊ घालावे. सुगंधी उटणे मात्र त्याच्यापुरते वगळावे. सणाला त्याने काही उणेपणा येत नाही.

मऊ ठेवणारी मलमे : इसबाच्या निगेचा कणा हाच. आंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे, पुसू नये. त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत मलम लावावे. चोळायचे नाही, केसांच्या दिशेने हलक्या हाताने पसरायचे. कोणते मलम, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांच्या गुणात फरक आढळला नाही. तेव्हा महागडे, सिरॅमाइडवाले मलम परवडत नाही म्हणून कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिनयुक्त क्रीम पुष्कळ काम करते. चिकट जेली मुलाला आवडत नसेल तर क्रीम द्यावे. जे मूल लावू देते ते मलम उत्तम.

खरी चूक होते ती प्रमाणात. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मलम लागते. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवून वापरली जाते आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणून मलम बदलले जाते. एक सावधगिरी : पॅराफिन मुरलेले कपडे आणि चादरी चटकन पेट घेतात, म्हणून अशा कपड्यांनी गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ वाकू नये.

तेलांपैकी खोबरेलाच्या बाजूने पुरावा आहे : फिलिपाइन्समध्ये मुलांवर झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. ऑलिव्ह तेल मात्र त्वचेची भिंत कमकुवत करते असे आढळले आहे; महाग म्हणून ते गुणकारी समजू नये.

स्टेरॉइड मलमे, उपयोग आणि दुरुपयोग : इसब भडकला की नुसत्या मऊ करणाऱ्या मलमाने भागत नाही, सूज उतरवावी लागते. १९५२ पासून त्वचेवर वापरात असलेली हायड्रोकॉर्टिझोनसारखी स्टेरॉइड मलमे हे काम चोख करतात. स्टेरॉइडच्या धास्तीने मुलाला रात्र रात्र खाजवत ठेवणे हेही हालच. योग्य ताकदीचे मलम, योग्य जागी, ठरलेले दिवस वापरले तर ते सुरक्षित असते. मोजण्याची रीत सोपी आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, पापण्या, जांघा यांसाठी टॅक्रोलिमस हा स्टेरॉइड नसलेला पर्याय आहे. सुरुवातीला तो चुरचुरतो, मग सवय होते. प्रौढांच्या तीव्र इसबासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डुपिलुमॅब हे इंजेक्शन आले, पण ते फार महाग आहे.

दुरुपयोगाची कथा काळजी करायला लावणारी आहे. मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून कुणी ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणते. समोरून येते ती ट्यूब बहुतेकदा तीन-चार घटकांची : तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक, प्रतिजैविक, सगळे एकात. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तीच ट्यूब शेजारी जाते, बहिणीच्या मुरमांवर जाते. नायट्यावर लावली तर वरून लाली मिटते आणि खाली बुरशी पसरत राहते. चेहऱ्यावर लावली तर आधी उजळपणा येतो. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरूम उसळतात, आणि मलम थांबवताच आग होते म्हणून ते सोडवत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातल्या १२ केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कायदा आहे, अंमल ढिला आहे. ट्यूबवर घटकांच्या यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले तर डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नये, एवढे वाचायला प्रत्येकाने शिकायला हवे.

मुरमांची औषधे : सौम्य मुरमांना बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडॅपलीन ही दोन औषधे बहुधा पुरतात. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते; २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांइतकेच काम करते आणि जळजळ कमी होते. त्याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे डागाळतात, रंगीत कापडावर पांढुरके ठिपके पडतात, म्हणून पांढरे जुने कापड वापरावे. ॲडॅपलीन हे रेटिनॉइड छिद्रांतले बूच सोडवते. रात्री, तोंड पूर्ण कोरडे झाल्यावर, वाटाण्याएवढे घेऊन सबंध चेहऱ्याला लावावे. एकेका पुळीवर टिकली लावल्यासारखे नव्हे. सुरुवात एक दिवसाआड. पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्वचा सोलवटते, पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण औषध सोडतात. खरा परिणाम दिसायला बारा आठवडे लागतात. क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक एकटे लावत राहिल्यास जिवाणू दाद देईनासे होतात, म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच द्यायचे असते.

रेटिनॉइडांच्या इतिहासावर एक डाग आहे, तो कोशात नोंदलाच पाहिजे. ट्रेटिनॉइन मुरमांवर चालते हे फिलाडेल्फियाच्या ॲल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडले. याच क्लिगमन यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांवर, दोन दशकांहून अधिक काळ त्वचेचे प्रयोग केले. त्यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक संस्थेने २०२१ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

गाठी आणि खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या १९८२ पासून अमेरिकेत उपलब्ध झाल्या. त्या अत्यंत प्रभावी आहेत आणि गर्भावर भयंकर परिणाम करतात. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. लावायची रेटिनॉइडेही गरोदरपणात बंद करतात, तेव्हा ॲझेलाइक आम्ल कामी येते. सावळ्या चेहऱ्यावर मुरमांपेक्षा मागे राहणाऱ्या काळ्या डागांचे दुःख मोठे असते. डागांवर लिंबू किंवा टूथपेस्ट लावल्याने त्वचा भाजते आणि डाग गडद होतो. सनस्क्रीन आणि धीर यांनी तो फिकटतो.

दोन्ही एकत्र असतील तर : क्रम महत्त्वाचा. आधी इसब शांत करावा, मग मुरमांचे औषध सुरू करावे. चेहऱ्याला हलके, तेल नसलेले मॉइश्चरायझर. अंगाला घट्ट मलम. ॲडॅपलीनच्या आधी मॉइश्चरायझरचा थर दिला तर चुरचुर कमी होते. एका वेळी एकच नवे उत्पादन आणावे आणि आठवडाभर कोपराच्या आत लावून पाहावे. ‘हायपोअलर्जेनिक’ किंवा ‘डर्मेटॉलॉजिकली टेस्टेड’ या शब्दांवर विसंबू नये, घटकांच्या यादीत ‘फ्रॅग्रन्स’ आहे का ते पाहावे. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुगंधी तेलांचीही ॲलर्जी येते. पथ्याबद्दल : जास्त गोड, मैद्याचे पदार्थ आणि दूध यांचा मुरमांशी काही संबंध दिसतो. इसबाच्या मुलाचे अंडे, दाणे, वांगे, दूध एकामागून एक बंद करणे मात्र तपासणीशिवाय करू नये. खाज तशीच राहते आणि मूल वाळते.

गाजरगवत : महाराष्ट्रात एक इसब असा आहे की ज्यावर कोणतेही मलम टिकत नाही. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आता बांधाबांधावर आहे. त्याचे कण हवेतून येऊन पापण्या, मानेच्या बाजू आणि कोपरांच्या घड्यांत बसतात. शेतकऱ्याला पन्नाशीत पहिल्यांदाच इसब झाला आणि तो पावसाळ्यानंतर वाढतो असे दिसले, तर ॲलर्जीची पॅच चाचणी करून घ्यावी. टिकलीच्या गोंदाने कपाळावर, खोट्या दागिन्यांतल्या निकेलने कानाच्या पाळीवर आणि केसांच्या कलपाने डोक्याच्या कडेला उठणारा इसबही याच जातीचा. कारण दूर झाले तरच तो जातो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे : मुरमांच्या गाठी दुखू लागल्या किंवा एक जरी खड्डा पडला, तर थांबू नये, खड्डे भरून काढणे कठीण असते. मुरमांसोबत पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस असतील तर संप्रेरकांची तपासणी हवी. इसबावर पिवळी चिकट खपली आली तर जिवाणूसंसर्ग झालेला असतो. इसबाच्या मुलाला ताप येऊन चट्ट्यांवर एकसारखे, मधोमध खळगा असलेले दुखरे फोड झपाट्याने उठले, तर तो नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूचा संसर्ग असू शकतो. अशा मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.