अपू आणि पांडुरंग

बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालय गार्डन रीचला होते. त्या लोहमार्गाने बंगालशी जोडल्या गेलेल्या आम्हां मराठी वाचकांना दोन बुजरे विद्यार्थी सारखेच जवळचे वाटतात. विभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या 'अपराजित' (१९३२) मधील अपू खेड्यातून कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात येतो. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीहून पुण्यास जातो. त्याच्या वसतिगृहातील फजितीला आम्ही मनमुराद हसलो. परंतु दोघांच्याही मागे घरी मृत्यू येतो. आई गेल्याचे कळताच अपूला क्षणभर सुटल्यासारखे वाटते, आणि तो स्वतःच दचकतो. धाकट्या मनीच्या मृत्यूने पांडुरंग मुळापासून हादरतो. कॉलेजात गेलेल्या मुलामागे रिते होणारे हे घर पाहिले, की भाषेचे अंतर आम्हांस जाणवत नाही.