भरून दिलेलीं गाणीं

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत रिद्धपूरचें स्थान वाचकांस निराळें सांगावयास नको. अमरावती जिल्ह्यांतील या गांवीं तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी ठिकठिकाणांहून मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें, आणि येथेंच गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्तानें महदंबेनें धवळे रचिले. धवळे म्हणजे लग्नांत गावयाचीं गाणीं, व महदंबेचा विषय रुक्मिणीचा विवाह. रुक्मिणीचें माहेर म्हणून ज्या कौंडिण्यपुराचा निर्देश होतो, तें वर्धा नदीच्या कांठीं याच जिल्ह्यांत आहे. भागवतांत तिनें कृष्णास ब्राह्मणाकरवीं धाडलेला निरोप सात श्लोकांचा आहे, आणि तो सर्वस्वीं तिच्याच शब्दांत आहे.

१९८० नंतरच्या पंधरावीस वर्षांत मात्र वऱ्हाडांतील काय किंवा पुण्यामुंबईकडील काय, आमच्या पिढीच्या अनेक तरुणांनीं हा निरोप दुसऱ्यांच्या शब्दांत धाडला. कोरी कॅसेट घ्यावयाची, निवडक गाणीं तींत भरावयाचीं, आणि ती प्रिय व्यक्तीच्या हातीं द्यावयाची, अशी ती रीत. असला पोरखेळ इतिहासाचा विषय कसा होईल, असें कोणी विचारील. आमच्या मतें तो अवश्य होतो.

तबकडी असो वा रेडिओ, गाण्यांचा क्रम ऐकणाऱ्याच्या हातीं नसे. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत ही छोटी कॅसेट मांडली, व पुढें रेडिओ आणि टेप एकाच पेटींत असलेल्या 'टू-इन-वन'च्या रूपानें ती आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिरली. रेडिओवर लागलेलें गाणें तेथल्या तेथें उतरून घेतां येऊं लागलें. ज्यांस हें साधत नसे, ते गाण्यांची यादी व कोरी कॅसेट दुकानदारास देत. तो पैसे घेऊन ती भरून देई. कायद्याच्या दृष्टीनें हा धंदा निर्दोष नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९८४ सालीं झालेली दुरुस्ती अशा चोरट्या नकलांना आळा घालण्यासाठींच होती.

साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस तीस मिनिटें मिळत. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सवातीन मिनिटेंच मावत असल्यामुळें गाणेंही बहुधा तेवढेंच असे. म्हणजे एका बाजूस आठ-नऊ गाणीं. शेवटचें गाणें मध्येंच तुटूं नये म्हणून मिनिटांची बेरीज करावी लागे. कॅसेट वडीलमंडळींसमोरही वाजणार, म्हणून आरंभीं एखादें निरुपद्रवी भावगीत, आणि मनांतलें गाणें दुसऱ्या बाजूस मध्यावर. चिठ्ठी सांपडली तर तो पुरावा ठरे; कॅसेट सांपडली तर तीं नुसतीं गाणीं! सर्व भरून झाल्यावर कॅसेटच्या कडेचे दोन चिमुकले तुकडे मोडले, म्हणजे तीवर दुसरें कांहीं भरतां येत नसे. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली कीं ती पुन्हां भरतां येई. लग्न दुसरीकडे ठरलें कीं ही चिकटपट्टी उपयोगीं पडे.

आतां, शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा; मग देणाऱ्याचें त्यांत काय? निवड आणि क्रम. केसोबासांनीं लीळाचरित्रांतील चक्रधरांचीं वचनें निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. वचनें चक्रधरांचीं, तरी केसोबासांच्या कर्तृत्वाविषयीं कोणी शंका घेत नाहीं. भक्तीची व तारुण्यांतील प्रीतीची तुलना आम्हांस करावयाची नाहीं. निवडणें ही देखील कृति आहे, एवढेंच म्हणावयाचें आहे.

या निवडींत हिंदी चित्रपटगीतांचा भरणा मोठा असे. घरीं वऱ्हाडी बोलणारा मुलगा प्रीतीची भाषा उर्दू वळणाच्या हिंदींतून उसनी घेई, आणि यादी मात्र आपल्या मराठी अक्षरांत लिही. ज्या भूमींत महदंबेनें विवाहाचें गाणें मराठींत गाइलें, तेथें हें उसनवार कां करावें लागलें, हा भाषेच्या अभ्यासकानें विचारण्यासारखा प्रश्न आहे. रिद्धपूर येथें आतां मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें असून त्याच्या पहिल्या कुलगुरूंची नेमणूक २०२४ सालीं झाली. असले प्रश्न तेथें विचारले जावेत, अशी आमची इच्छा आहे.

परंतु त्यासाठीं साधनें उरलीं पाहिजेत. महानुभावांच्या पोथ्या टिकल्या, त्या अनुयायांनीं पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतल्या म्हणून. भरून दिलेल्या कॅसेटची प्रत बहुधा एकच. तिच्या फितीवरील लोहाचा लेप झिजतो, दमट हवेंत बुरशी धरते, आणि ती वाजविणारें यंत्रही आतां क्वचितच चालू स्थितींत मिळतें. ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, त्यांनीं ती रद्दींत देऊं नये. देणाऱ्याघेणाऱ्यांचीं नांवें खुशाल झांकावीं. गाणीं तर इतरत्र मिळतीलच. कॅसेटच्या डबींतील हातानें लिहिलेली यादी तेवढी जपून ठेवावी.