बदललेलं पान आणि जुनी सूची

शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा पहिला भाग १९४३ साली निघाला. त्यात १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांच्या नोंदी आहेत. दुसरा भाग १९६१चा. त्यातल्या नोंदी १९५०पाशी थांबतात. म्हणजे पहिल्या खेपेला सूची सहा वर्षं मागे, दुसऱ्या खेपेला अकरा. दात्यांना याबद्दल कुणी बोल लावणार नाही. छापलेलं पुस्तक बदलत नाही; नोंद उशिरा झाली तरी खरीच राहते.

मला ज्या सूचीबद्दल बोलायचं आहे तिचं दुखणं निराळं आहे. इंटरनेटवर आपण एखादा शब्द टाइप केला की शोधयंत्र त्याच क्षणी जगभर धावत सुटतं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. यंत्राचे जासूद, म्हणजे क्रॉलर, आधीच पानोपानी फिरून प्रती घेऊन आलेले असतात आणि त्यांतल्या शब्दांची सूची तयार असते. आपल्याला उत्तर मिळतं ते या सूचीतून. मधल्या काळात मूळ पान बदललं असेल, तर पुढची फेरी होईपर्यंत सूची जुनंच सांगत राहते. सुरुवातीच्या वर्षांत गूगलची सूची साधारण महिन्याने एकदा बदलायची. त्या दिवसांत निकाल असे वरखाली होत की वेबसाइटवाल्यांनी त्याला 'गूगल डान्स' हे नाव दिलं होतं.

मग फेरी कुणाकडे किती वेळा मारायची? स्टॅनफर्डचे जुंघू चो आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी २००० साली याचं गणित मांडलं. जे पान भराभर बदलतं त्याच्याकडे जास्त वेळा जावं, असं आपल्याला सहज वाटतं. त्यांचं उत्तर उलटं आलं. दर मिनिटाला बदलणाऱ्या पानाची प्रत हातात येईपर्यंत शिळी होते. तीच फेरी दुसरीकडे खर्च केली तर एकूण सूची जास्त ताजी राहते. सतत रंग बदलणाऱ्याच्या नादी लागू नये, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. या दोघांनी ते सिद्ध केलं, एवढंच!

या गोष्टीचा पुढचा अध्याय आपल्या उपनगरात घडला, आणि घाटकोपर-मुलुंडच्या फार थोड्या लोकांना तो माहीत असेल. पवईच्या आयआयटीतले संदीप पांडे, कृती रामामृतम आणि सौमेन चक्रबर्ती यांनी २००३ साली बुडापेस्टच्या जागतिक वेब परिषदेत एक निबंध सादर केला. त्यांचा प्रश्न जरा वेगळा होता. एकदा विचारून थांबायचं नाही, उत्तर सतत ताजं हवं आहे, उदाहरणार्थ हवामानाचं किंवा वाहतुकीचं, तर पानांवर नजर कशी ठेवायची? त्यांनी सुचवलं की आधी काही काळ पानांची चाल बघा, कुठलं केव्हा बदलतं याचा अंदाज बांधा, विचारणाऱ्याच्या दृष्टीने त्याचं मोल ठरवा आणि मग फेऱ्या वाटा. बदलांपैकी फक्त ५ टक्के टिपून बदललेल्या माहितीतली ९० टक्के माहिती माणसापर्यंत पोचवता येते, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं.

दोनच वर्षांनी, २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ही पद्धत त्या दिवशी कुणी वापरली असं मी म्हणत नाही. पण 'लोकल चालू आहेत' हे सकाळचं वाक्य संध्याकाळी वाचणारा माणूस कुठे अडकू शकतो, ते मुंबईकराला समजावून सांगायला नको.

आता मराठीकडे येतो. २०००च्या आसपास बहुतेक मराठी वेबसाइट आपापल्या फॉन्टात होत्या. पडद्यावर 'क' दिसे, पण आत एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असे. यंत्र वाचतं ते आतलं. त्यामुळे हजारो मराठी पानं सूचीत गेली ती अगम्य खुणांचा ढीग म्हणून. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती आणि विंडोज २०००मध्ये तिची सोयही झाली. तरी आपल्याकडे बदल सावकाश झाला.

माझ्या काही कविता एका मासिकाच्या दिवाळी अंकात अशाच जुन्या फॉन्टात गेल्या होत्या. पुढे संपादकांनी पानं युनिकोडमध्ये आणली. मी माझं नाव देवनागरीत टाइप करून पाहिलं, काही नाही. कित्येक महिने शोधयंत्र त्या पत्त्यापुढे जुन्या खुणाच दाखवत होतं. मराठीत लिहिणारा मुसलमान कवी म्हटलं की 'तुम्ही उर्दूत नाही लिहीत?' हा प्रश्न ठरलेला असतो. विचारणाऱ्याला दाखवायला जी पानं होती ती यंत्रालेखी कुठल्याच भाषेत नव्हती. कारण साधं होतं. ती साइट वर्षातून एकदाच हलायची. हे घर झोपलेलं असतं, असं जासुदाने ताडलं आणि येणंच कमी केलं. छोट्या मराठी साइटचं नशीब हेच.

दार वाजवण्याच्या सोयी नंतर आल्या. २००५ साली गूगलने साइटमॅपची पद्धत आणली. २००६मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टही तिच्यात आले. कुठलं पान केव्हा बदललं याची यादी मालकाने स्वतः मांडून ठेवायची. २०१०मध्ये गूगलने आपली सूची तुकड्यातुकड्याने सतत ताजी करायला सुरुवात केली. २०२१मध्ये मायक्रोसॉफ्ट बिंग आणि यांडेक्स यांनी 'इंडेक्सनाऊ' काढलं. त्यात बदल झाल्याबरोबर यंत्राला वर्दी देता येते. गूगलकडेही एकेका पानासाठी अर्ज करता येतो. मात्र रोज किती अर्ज करायचे याला मर्यादा आहे आणि पान सूचीत घेण्याची हमी नाही. साइटमॅपमधल्या तारखेवरही गूगल आंधळा विश्वास ठेवत नाही. काहीही न बदलता सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि अशांची तारीख मग धरलीच जात नाही.

मराठीत आणखी एक पेच उरतो, तो 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र-चा. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिला गेला आहे. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, आत खुणा निराळ्या. पान ताजं असो, सूचीही ताजी असो; यंत्राने या दोन खुणा एक मानल्या नाहीत, तर एका रीतीने लिहिलेली 'दऱ्या' दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्याला सापडत नाही.